चढणीच्या गाडीला वाट

लोणखेडे,
ता. २ जून १९३५

तीर्थरूप मोठे भाऊ यांस,

गजराबाईचा नमस्कार. हे पत्र तुमच्या धाकट्या भावाचं नाही, त्यांच्या बायकोचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे अक्षर कोणाचं म्हणून वाचता वाचता थांबायला नको. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्यासमोर मी तोंड उघडलेलं नाही. तुम्ही ओसरीवर आलात की मी दाराआड. तुम्हाला पाणी हवं असलं तरी ते मला सासूबाईंच्या तोंडून कळायचं. जेठासमोर बोलू नये ही आपल्याकडची रीत मी पाळली. जेठाला लिहू नये असं मात्र कोणी सांगितलेलं नाही, कारण लिहिता येणारी सून या घरात आधी आलीच नव्हती. माझे वडील नंदुरबारला मास्तर आहेत, हे सोयरिकीच्या वेळी तुम्हीच मोठ्या तोंडानं सांगत फिरत होता. आता भोगा.

तुमचं पत्र परवा आलं. ह्यांनी ते वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. सदरा धुवायला घेतला तेव्हा मी ते काढून वाचलं. सासूबाईंना तिकडे तुमच्या घरी खांडबाऱ्यात ताप येतो, अन्न जात नाही, सारखं धाकट्या लेकाचं नाव घेऊन दोधू दोधू करतात. आणि दोधूला मायला भेटायचं असेल तर त्यानं आधी तुमच्या लाकडाच्या वखारीत भाऊबंदांसमोर पागोटं काढून जमिनीवर ठेवायचं. वर म्हणायचं, की हातात बंदूक असून मी नामर्दासारखा वागलो आणि घराण्याची नवरी मागे फिरवली. मग माय भेटेल.

माय म्हणजे तुमच्या वखारीतलं सागवान नव्हे, पास दाखवल्याशिवाय फाटकाबाहेर न सोडायला. तुमच्या मुलाचं, भटूचं लग्न लावून परतलो त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांना या घरातून उचलून नेलंत. जन्म इथे गेला त्यांचा. इथलं पाणी सोडून तिकडे ताप येईल नाही तर काय होईल?

आता त्या दिवसाबद्दल. तापीच्या उतारावर काय झालं ते तुम्ही खांडबाऱ्यात कसं रंगवून सांगता, ते माझ्या कानावर आलं आहे. मी तिथे होते, म्हणून मीही सांगते.

भटूचं लग्न लावून, नवरी घेऊन आपण घरी परतत होतो. दरडीतल्या वाटेनं गाड्या नदीकडे उतरत होत्या. पुढच्या गाडीत भटू आणि नवी नवरी मंगला. मागच्या गाडीत सासूबाई आणि मी, गाडी हाकायला हे. ह्यांची बंदूक गवताखाली ठेवलेली. शिवेवर पोचलो की बार काढायचा, म्हणून तुम्हीच हट्टानं बरोबर घ्यायला लावली होती. परवाना ह्यांच्या खिशात होता, त्यात काही चोरीचं नव्हतं. वाट एका गाडीपुरती. आणि खालून दुसरं वऱ्हाड चढत वर आलं. त्यांच्याही पहिल्या गाडीत नवरी.

गाडीवानांचा नेम तुम्हाला माहीत आहे. चढणीच्या गाडीला वाट द्यायची, कारण चढती गाडी उतारावर मागे घेतली तर बैलांसकट उलटते. घरच्या बायकांचाही एक नेम आहे. नवरीची गाडी सासरची शीव लागेपर्यंत मागे घ्यायची नाही, घेतली तर नवरी माहेरी परत जाते. हे दोन नेम त्या दिवशी एकाच वाटेवर समोरासमोर आले. तुम्ही पुढे होऊन ओरडलात, "नवरीनी गाडी मांगे जात नही!" त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "आम्हनी गाडीमा बी नवरीच शे, पाटील." त्यानं काही वाईट सांगितलं नव्हतं. त्याच्यामागचा एक तरणा मात्र मायवरून बोलला, हे खरं. मग तुम्ही मागे वळून ह्यांना म्हणालात, "दोधू, बंदूक काढ. पाह्यतस काय, बांगड्या भऱ्यात का?"

ह्यांनी बंदूक काढली आणि खाली ठेवली. गाडी मागे घेतली. झालं ते एवढंच.

यात लाज कुठली? ज्याच्या हातात काठी आहे त्यानं वाटेवर दोन शिव्या दिल्या तर चालून जातं. ज्याच्याजवळ बंदूक आहे त्यानं एकही देऊ नये, कारण त्याची शिवी शिवी राहत नाही. सरकारनं परवाना रानडुकरांसाठी दिला आहे. त्यावर दुसऱ्याच्या वऱ्हाडाचं नाव कुठे लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, आणि मी तो वरपासून खालपर्यंत वाचला आहे.

पागोटं निघणार नाही. सासूबाईंना गुळवेल उकळून द्या, रात्री पायांना तेल लावा.

दाराआडची,
गजराबाई


लोणखेडे,
ता. ११ जून १९३५

मोठे भाऊ,

उत्तर आलं, पण मला नाही. तुम्ही ह्यांना लिहिलंत, "बायकोला पत्रं लिहायला बसवून स्वतः चुलीमागे लपतोस?" मी लिहिलं होतं हे ह्यांना त्यावरून कळलं. दोन दिवस पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं भरून प्यायले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी जाई ऱ्हायनू खांडबाराले. पागोटं ठेवानं शे तं ठेवसू."

मी म्हटलं, जाऊ नका. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माय गई तं मी ते पागोटं कोणले दाखाडू?"   माझ्या शेजारी बसून तो माणूस भाकरीचा एकेक तुकडा मोडतो आणि तसाच ठेवून देतो. तुमचा भाऊ आहे तो. लहान असताना तुमच्याच पाठीवर बसून नदी पार करायचा म्हणतात.

तेव्हा मागच्या पत्रात जे अर्धं ठेवलं होतं ते आता पुरं करते. ह्यांनी बंदूक खाली ठेवली असं मी लिहिलं. ती खाली ठेवण्याआधी काय झालं ते गाळलं. ते ह्यांच्यासाठी गाळलं होतं. पण ह्यांचं पागोटं जाणार असेल तर मला आता कसली भीड?

तुमचा भाऊ शांत माणूस नाही. तुम्ही त्याला भित्रा म्हणता तेव्हा मला हसू येतं. बंदुकीचा परवाना मिळाला त्याच वर्षी पोळ्याला वेशीतून आधी कोणाचे बैल न्यायचे यावरून ह्यांनी एकाचं डोकं फोडलं होतं. तुम्ही तेव्हा खांडबाऱ्यात लाकडं मोजत होता. त्या दिवशी सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि ह्यांना आत येऊ देईनात. म्हणाल्या, "आजपासून बंदूक तुन्हाकडे, टोप्या हिन्हाकडे. डुक्कर दिसनं तं मांग. माणूस दिसना तं मांगू नको."

तुम्हाला बंदुकीतलं कळत नाही म्हणून सांगते. ठासणीच्या बंदुकीत दारू भरा, छर्रे भरा, गज मारून ठासा, तरी वर तांब्याची एवढीशी टोपी बसवल्याशिवाय ती उडत नाही. तोवर ती काठीच. त्या टोप्यांची डबी तेव्हापासून माझ्या कनवटीला असते. शेतात डुकरं आली की हे हाक मारतात, मी बांधावर जाऊन हातात एक टोपी देते. गावातले लोक हसतात. हसू देत. ह्यांनी मायला शब्द दिला आणि तो आजवर पाळला, म्हणून आमच्या घरात कोणी तुरुंगात गेलं नाही.

त्या दिवशी बंदुकीत नुसती दारू होती, शिवेवर बार काढायला. तो तरणा मायवरून बोलला, वर तुम्ही बांगड्या भरण्यावरून टोचलंत, तेव्हा ह्यांनी पिशवीतून मूठभर छर्रे घेऊन नळीत ओतले. गज मारून ठासले. मी बघत होते. एक छर्रा बाहेर सांडला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग मागे न बघता त्यांनी माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाले, "टोपी दे."

मी दिली नाही.

पुन्हा म्हणाले, "गजरा, दे." इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी कनवटीवर हात दाबून बसले. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी काय केलं ते मी लिहीत नाही. त्या आज तुमच्या घरात तुमच्या हातचं खातात.

तुम्ही पुढे होता, म्हणून हे तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला फक्त भाऊ बंदूक घेऊन उभा दिसला आणि मग ती खाली ठेवताना दिसला. त्या दोन्हींच्या मध्ये त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. मला वाटलं आता हात उठतो. मग त्यांनी बंदूक गवतावर टाकली, तोंडावरून हात फिरवला आणि खाली उतरले. आधी आमची गाडी वर काढली. परत खाली येऊन नवरीच्या गाडीचे बैल सोडले आणि जू स्वतःच्या छातीला लावलं. तुमचा भटू हळदीच्या अंगानं उतरला आणि त्यानं चाकाला खांदा दिला. तुम्ही दरडीकडे तोंड करून उभे होता. दुसऱ्या वऱ्हाडातला तो म्हातारा जाताना ह्यांच्या पाठीवर हात ठेवून गेला. तो तरणा मान खाली घालून गेला. हेही तुम्हाला दिसलं नाही.

घरी आल्यावर अंगणात सगळ्यांसमोर तुम्ही त्यांना नामर्द म्हणालात. ह्यांनी एवढंच म्हणायचं होतं, "हिनी टोपी दिन्ही नही." म्हटलं असतं तर तुमचा राग माझ्यावर वळला असता आणि हे मोकळे झाले असते. ते बोलले नाहीत. माझ्यावरचा घाव त्यांनी अंगावर घेतला. मी दाराआड उभी होते आणि रीत म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला राग येतो, म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा नीट ऐका. माफी मागायची असेल तर ती माझी बाकी आहे, ह्यांची नाही. आणि मी ती मागणार नाही. माझ्या डोक्यावर पागोटं नाही, पदर आहे. तुमच्या भाऊबंदांना बोलवा, मी येते. पदर मागे सारून तुमच्यासमोर उभी राहते आणि सांगते, की तीच वाट, तेच वऱ्हाड पुन्हा समोर आलं तरी मी टोपी देणार नाही. मग कोणाचं काय काढून जमिनीवर ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

गजराबाई


लोणखेडे,
ता. १७ जून १९३५

मोठे भाऊ,

या वेळी पत्र माझ्या नावानं आलं. पोस्टमननं दारात उभं राहून माझं नाव मोठ्यानं घेतलं, शेजारीण बाहेर आली. एवढा मान तुमच्यामुळे मिळाला.

तुम्ही लिहिता, की माझं पत्र तुम्ही वखारीत भाऊबंदांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लोक पोट धरधरून हसले. कनवटीतला मर्द म्हणाले. बरं केलंत. मी एकेका घरी जाऊन सांगत बसले असते तर माझे पाय दुखले असते. आता सगळ्यांना कळलं की तुमचा भाऊ भित्रा नाही. उलट त्याला आवरायला घरच्या दोन बायका लागतात.

तुमचं ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "चाला, आते लपाडानं काही ऱ्हायनं नही." आज बाजारात गेले तेव्हा कोणीतरी टोपीवरून खोचक बोललं. ह्यांनी त्यालाच हाक मारून बंदूक दाखवली म्हणतात, टोपी नसलेली. तोही हसला, हेही हसले. मला हे तिसऱ्याकडून कळलं.

पण मोठे भाऊ, हे अजून येणारच म्हणतात. तुमची अट त्यांनी मान्य केली आहे. येत्या गुरुवारी सकाळी निघणार, नंदुरबारहून आगगाडी धरणार. मायचा ताप उतरत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यानंतर ते माझं काही ऐकत नाहीत. मी आता अडवत नाही. बंदूक अडवता आली, हे अडवायचा मला हक्क नाही. आपली माय आहे, पागोट्याहून मोठी. तुम्ही हे जाणता म्हणूनच तर ती अट घातलीत. याच्याहून नीच गोष्ट मी आपल्या घरात पाहिलेली नाही, आणि ही ओळही तुम्ही मोठ्यानं वाचावी.

मीही बरोबर येते. ते पागोटं खाली ठेवतील तेव्हा मी ते उचलीन. तुमच्या सगळ्या भाऊबंदांच्या देखत उचलून परत त्यांच्या डोक्यावर ठेवीन. पुन्हा ठेवलं तर पुन्हा उचलीन. संध्याकाळपर्यंत हेच चालू राहील. तुम्हाला वेळ आहे ना?

गजराबाई


लोणखेडे,
ता. १९ जून १९३५

मोठे भाऊ,

आम्ही उद्या येत नाही. यायची गरज उरली नाही.

तुम्ही नवापूरच्या जंगलात लाकूडतोडीवर गेला आहात असं भटू म्हणतो, तेव्हा घरी पोचल्यावर आधी हे पत्र हाती पडेल. घाबरू नका. सासूबाई इथे आहेत. भटू इथे आहे. नवी सून मंगलाही इथे आहे. काल दुपारी नंदुरबारच्या सर्व्हिस मोटारीतून वेशीपाशी उतरले. भटूनं आजीला उचलून आणलं, मंगलेच्या डोक्यावर बोचकं होतं. हे खळ्यात होते. मायला भटूच्या हातांवर बघून त्यांना वाटलं सगळं संपलं. ते तिथेच खाली बसले. सासूबाई वरून म्हणाल्या, "ऊठ रे, मी जित्ती शे." मग हे जे रडले ते मी लिहीत नाही, तुमचा भाऊ आहे, तुम्ही ओळखून घ्या.

कसं झालं ते भटूनं सांगितलं. वखारीला लागूनच सासूबाईंची खोली आहे. तुम्ही माझं पत्र मोठ्यानं वाचलंत ते भिंतीपलीकडे त्यांनी सगळं ऐकलं. उंबऱ्यात उभं राहून आपण लेकाला जे बजावलं, ते आपल्याच थोरल्या लेकाच्या तोंडून त्यांनी ऐकलं, आणि त्यावर माणसं हसलेली ऐकली. त्या दिवसापासून त्यांनी तुमच्या घरच्या अन्नाला हात लावला नाही. तुम्ही त्याला ताप उतरत नाही म्हणालात. तुम्ही जंगलात गेलात तशी त्यांनी भटूला हाक मारली आणि स्टेशनापर्यंत गाडी जुंपायला सांगितली. तो मुलगा वडिलांच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्यानं मंगलेकडे पाहिलं, आणि ती आधीच बोचकं बांधत होती.

मंगलेबद्दलही सांगते, कारण ती परत जाईल याची तुम्हाला धास्ती होती. नदीवर ह्यांना बंदुकीत छर्रे ओतताना तिनं पुढच्या गाडीतून पाहिलं होतं. तिनं तेव्हाच ठरवलं होतं, की एक जरी बार उडाला तर खाली उतरायचं आणि त्याच वाळूतून पायी माहेरी जायचं. गाडी मागे गेली म्हणून ती आज तुमची सून आहे. कालपासून माझ्या चुलीशी तीच बसली आहे, मला भाकरी थापू देत नाही.

आता सासूबाई तुमच्या घरात नाहीत, तेव्हा राहिलेलं लिहायला हरकत नाही. ह्यांनी हात पसरला तेव्हा मी देणार होते, मोठे भाऊ. नवऱ्यानं चारचौघांत नाव घेऊन मागितलं होतं. माझी बोटं डबीवर गेली होती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. अशी पकड त्या वयात कुठून आली कोण जाणे, हिरवा डाग चार दिवस होता. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "तू देशी तं मन्ही सून नही." तुम्ही ज्याला नामर्दपणा म्हणून खांडबाराभर मिरवलंत ते तुमच्या आईनं केलं होतं. तुमची लाज त्यांनी इतके दिवस राखली, आणि तुम्ही त्यांच्याच नावानं पागोटं मागत होता.

काल रात्री त्यांनी दूध-भाकरी खाल्ली. आज अंग गार आहे. आता ओसरीवर बसल्या आहेत, मी लिहिते ते बघताहेत. मी विचारलं, मोठ्या भाऊंना काय कळवू? त्या म्हणाल्या, "लिख, भेटानं व्हई तं ये. पागोटं कोणी काढाले लावणार नही. पन हात जोडीसन येजो. माले नही, दोधूले बी नही. हाई बाईले."

मी म्हटलं, सासूबाई, जेठानं भावजयीपुढे हात जोडायचे, असं कुठे झालं आहे का? एवढं नको लिहायला.

त्या म्हणाल्या, "लिख."

म्हणून लिहिलं.

गजराबाई